हनोई, मी आणि पहिला दिवस

सोबतच्या दोघींनी ऐनवेळी टांग दिली. तिकीट नॉन-रिफंडेबल. मग काय, निघाले एकटीच! परक्या देशाच्या राजधानीतल्या पहिल्या बारा तासांची ही गोष्ट…

अकरा मिनिटं. पाठीवर सॅक, हातात मोबाइल आणि समोर हनोईतला एक चौक. होआन किएम तळ्याच्या उत्तरेला, जिथून जुन्या शहरातल्या गल्ल्या सुरू होतात, तिथे मी चांगली अकरा मिनिटं फूटपाथवर उभी होते. कारण? रस्ता क्रॉस करता येईना!

हसू नका. मी पुण्याची आहे. गणपतीच्या दिवसांत लक्ष्मी रोडवरून स्कूटी काढलेली मुलगी आहे मी. पण हे प्रकरण वेगळंच होतं. या शहरात साठ लाखांहून जास्त टू-व्हीलर्स आहेत म्हणे, आणि त्यातल्या निम्म्या त्या क्षणी माझ्याच समोरून चालल्या होत्या. एकीवर फुलांचा अख्खा डोंगर, एकीवर आडवा बांधलेला फ्रीज, एकीवर आजी, आई आणि मधे दामटलेलं शाळेचं पोर. सिग्नल होता. पण त्यात कुणाला फारसा इंटरेस्ट दिसत नव्हता.

त्यात मी बावळटासारखी चुकीच्या बाजूला बघत होते. तिकडे वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात. आपली मान सवयीने आधी उजवीकडे वळते आणि गाडी येते डावीकडून. हे वाचून माहीत असणं वेगळं आणि मानेला पटणं वेगळं.

बरं, मुळात मी तिथे एकटी कशी? तर आम्ही तिघी जाणार होतो. हिंजवडीतल्या एकाच ऑफिसातल्या, एकाच मजल्यावरच्या. सहा महिने व्हॉट्सअॅपवर ग्रुप, ग्रुपचं नाव ‘व्हिएतना‘मी’’ (असे पीजे चालायचे आमच्यात). निघायच्या दहा दिवस आधी एकीचं रिलीज पुढे सरकलं आणि तिची रजाच रद्द झाली. दुसरीचा साखरपुडा ठरला, तोही नेमका त्याच आठवड्यात. उरले मी. व्हिसा आलेला, मुंबई ते हनोई थेट फ्लाइटचं तिकीट काढलेलं आणि आमच्या टीममध्ये नोव्हेंबरातली सात दिवसांची रजा म्हणजे लॉटरीच.

आणि घरी? घरी मी सांगितलंच नाही. बाबांनी परवानगी देताना एकच वाक्य म्हटलं होतं, “तिघी आहात ना? मग जा.” त्या वाक्यातला आकडा बदलला हे सांगायचा रोज विचार केला आणि रोज टाळलं. खोटं नाही बोलले, फक्त खरं बोलले नाही. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, स्वतःच्या पगारातून तिकीट काढून! लाज वाटते सांगायला, पण तुमच्यातल्या निम्म्या मुलींनी हे वाचताना मान डोलावली असणार, हेही मला माहितीये.

पैसाच पैसा!

आता थोडं मागे जाऊ. सकाळी नोइ बाई एअरपोर्टला उतरले. घड्याळ दीड तास पुढे. इमिग्रेशनचा फार बाऊ करू नका. ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, सिंगल एन्ट्रीची फी 25 डॉलर, आणि ऑगस्ट 2023 पासून तो 90 दिवसांपर्यंतचा देतात. फक्त नाव पासपोर्टवर आहे तस्संच भरा, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं त्याच पद्धतीने. आणि प्रिंटआउट घ्या. मोबाइलमध्ये आहे, असं म्हणून काउंटरसमोर बॅटरी संपल्यावर घाम फुटलेला एक मुलगा मी डोळ्यांनी पाहिलाय.

मग डॉलर बदलले आणि मी चक्क करोडपती झाले. एका रुपयाला साधारण तीनशे डोंग! म्हणजे दहा हजार रुपये नेलेत तर खिशात तीस लाख. ऐकायला मस्त, पण डोकं पार आउट होतं. प्रत्येक नोटेवर हो ची मिन्ह, प्रत्येक नोटेवर शून्यांची रांग, आणि त्यात 20 हजारांची नोट निळी, तर 5 लाखांचीही निळसरच. पहिली साधारण पासष्ट रुपयांची, दुसरी साडेसोळाशेच्या पुढची. या दोन नोटांनी पुढे काय घोळ घातला ते सांगतेच.

टॅक्सीवाल्यांना नको नको म्हणत मी 86 नंबरची केशरी बस पकडली. तिकीट 45 हजार, म्हणजे दीडशे रुपयांच्या आत. बस न्यात तान पुलावरून लाल नदी ओलांडते. 2015 मध्ये खुला झालेला हा पाच मनोऱ्यांचा केबलचा पूल. पुढे रस्त्याच्या कडेला मैलोनमैल रंगीत फरशांच्या तुकड्यांची भिंत लागते. 1010 साली ली थाय तो या राजाने राजधानी इथे आणली, त्याला हजार वर्षं झाली म्हणून 2010 मध्ये शहराने स्वतःलाच दिलेली ही भेट. खिडकीला नाक लावून बघत बसले. तोवर सगळं झक्कास होतं. ऑपेरा हाउसजवळ उतरले, तळ्याच्या कडेकडेने चालत आले, आणि मग तो चौक.

फंडा सिंपल आहे

बाराव्या मिनिटाला एक आजोबा आले. हातात पालेभाजीची पिशवी. त्यांनी ना डावीकडे पाहिलं ना उजवीकडे, सरळ पाऊल टाकलं. मी त्यांच्या सावलीसारखी चिकटले. आणि जादू! गाड्या थांबल्या नाहीत, हॉर्नही फारसे वाजले नाहीत, सगळा लोंढा आमच्या दोन्ही बाजूंनी वाहून गेला. आजोबांनी पलीकडे गेल्यावर माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता निघून गेले. काय म्हणत असतील मनात कोण जाणे.

दिवसभरात मला कळलेला फंडा असा. चालायचं एका लयीत. पळायचं नाही, मधेच थांबायचं नाही आणि काही झालं तरी मागे पाऊल घ्यायचं नाही. कारण समोरचा बाइकवाला तुम्ही आत्ता कुठे आहात हे बघतच नसतो, तुम्ही पुढच्या दोन सेकंदांनी कुठे असाल हे बघून हँडल वळवतो. तुम्ही दचकलात की त्याचं गणित चुकलं. हे फक्त टू-व्हीलरपुरतं हं. बस आणि कार आली तर गुपचूप थांबा.

(बाय द वे, 2016 पासून शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र तळ्याभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद असतात. मी उतरले गुरुवारी. माझं टायमिंग हे असंच!)

हॉटेल जुन्या शहरात होतं. रूम दोन वाजता मिळणार होती, सॅक ठेवली आणि भटकायला निघाले. हा भाग म्हणजे आपल्या पेठाच समजा. ‘छत्तीस रस्त्यांचं’ शहर म्हणतात याला, आणि बहुतेक रस्त्यांच्या नावात सुरुवातीला ‘हांग’. हांग म्हणजे माल. हांग बाक म्हणजे चांदीचा माल, तिथे आजही सोनाराची दुकानं. हांग मा इथे देवाला आणि पितरांना वाहायच्या कागदी वस्तू. हांग थिएक इथे पत्र्याचं काम, आणि तिथे शिरल्यावर जी ठाकठोक ऐकू आली, ती ऐकून मी थेट कसब्यातल्या तांबट आळीत पोचले. घरं तोंडाला चिंचोळी आणि आत लांबच लांब. दुकानाच्या दर्शनी रुंदीवर कर होता म्हणून ती अशी, असं सांगतात.

इथेच मला पहिला गंडा बसला. खांद्यावर कावड घेतलेली एक फळवाली हसत आली, तिने ती कावड माझ्या खांद्यावर ठेवली, डोक्यावर तिची टोपी चढवली आणि माझ्याच मोबाइलने फोटो काढला. मला वाटलं, किती गोड! मग तिने हात पुढे केला. पन्नास हजार. दिले. दीडशे रुपयांचा तो फोटो आता माझा डीपी आहे, त्यामुळे तक्रार नाही. पण तेव्हापासून डोक्यात बसलं की कुणी हाक मारली की मान वर न करता चालू पडायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कॉफीबद्दल मात्र थांबून सांगायलाच हवं. जगात ब्राझीलखालोखाल सगळ्यात जास्त कॉफी पिकवणारा देश हा, आणि बहुतेक सगळी रोबस्टा, म्हणजे कडू, जाड, डोक्यात जाणारी. न्गुएन हुउ हुआन रस्त्यावर 39 नंबरला एक बोळ आहे, अंगावर येईल इतका अरुंद. आत कॅफे झ्यांग. 1946 मध्ये दुधाची टंचाई होती, तेव्हा मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुएन वान झ्यांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक साखरेबरोबर फेटून कॉफीवर घातला. अंड्याची कॉफी! वाचून मीही नाक मुरडलं होतं. कप गरम पाण्याच्या वाटीत बसवून देतात, वर पिवळा फेस, खाली काळीकुट्ट कॉफी. चव? अंड्याचा वास शून्य. थोडं श्रीखंड, थोडं तिरामिसू. मी दोन प्यायले.

आणि दुसरा कप पिताना समोरची रिकामी खुर्ची दिसली. “हे बघ, हे चाखून बघ ना” असं म्हणायला कुणी नाही. एकट्याने फिरायचे सगळे फायदे ट्रॅव्हल शोमध्ये सांगतात, हे नाही सांगत.

खिडकी कुठाय?

दोन वाजता रूम मिळाली. दार उघडलं. स्वच्छ, पांढरीशुभ्र चादर, चपला ठेवलेल्या, टेबलावर दोन केळी. पडदा सरकवला तर मागे भिंत! खोलीला खिडकीच नव्हती. चूक माझीच. हनोईच्या जुन्या भागात बिनखिडकीच्या खोल्या सर्रास असतात, बुकिंग करताना बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. मी फक्त रेट बघितला होता.

रात्रभर झोप नाही, पोटात दोन कप अंडी आणि त्या खोलीत दुपारचे दोन आहेत की रात्रीचे, काही कळेना. ग्रुप उघडला. एकीने साखरपुड्याच्या साडीचे फोटो टाकलेले. बाबांचा मेसेज होता, “पोचलात का सगळ्या?”

सगळ्या.

बेडवर बसून मी चक्क रडले. मग डोळे पुसून परतीच्या फ्लाइट्स बघितल्या. हो, बघितल्या! दुसऱ्या दिवशीची होती एक, आणि तिचे पैसे पाहून रडू जरा लवकर थांबलं. बाबांना लिहिलं, “पोचले.” एकवचन मुद्दाम नव्हतं, पण पाठवल्यावर खोडलंही नाही.

तुमच्या बाबतीत असं झालं तर एकच सांगते, त्या खोलीत बसू नका. झोप येत असेल तर तासाचा अलार्म लावून झोपा, नाहीतर बाहेर पडा. मी बाहेर पडले ते भुकेने.

चा आणि चाय

मी शाकाहारी नाही, पण तो गुरुवार माझा पाळायचा. (अंडं चालतं, कृपया वाद नको.) व्हिएतनाममध्ये मासळीचं नुओक माम हे सॉस कशात नसेल ते सांगता येत नाही, म्हणून शब्द पाठ करून गेले होते. ‘तोय आन चाय’, म्हणजे मी शाकाहारी खाते. ‘चाय’ हा शब्द पाटीवर दिसला की बिनधास्त आत शिरायचं. तिथले बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, म्हणजे आपल्यासारखाच वार-तिथीचा हिशोब! त्यामुळे शाकाहारी जेवण मागितलं की तुम्हाला कुणी परग्रहावरचं समजत नाही. टोफू, मश्रूम, भात आणि हिरवागार पाला, पोटभर झालं.

आणि चहाला हनोईत काय म्हणतात? ‘चा’! लिहिताना स्पेलिंग वेगळं, पण हनोईच्या उच्चारात चक्क ‘चा’. आमच्या मिरजेकडच्या आजीसारखा. ‘चा दा’ म्हणजे बर्फ घातलेला चहा. फूटपाथवर वीतभर उंचीची प्लास्टिकची स्टुलं, एक किटली, काचेचे ग्लास, बसलेले ऑफिसवाले. आपल्या टपरीचा थंड अवतार. मी एका मावशींच्या स्टुलावर टेकले. ग्लासाचे पाच हजार डोंग. मी वीस हजारांची निळी नोट दिली, मावशी सुट्टे शोधायला लागल्या, मी मोठ्या तोऱ्यात ‘राहू द्या’ची खूण केली आणि निघाले. चाळीस-पन्नास रुपयांची टिप. परवडतं हो.

मागून हाक आली. “एम ओई!” मी मान वर केली नाही. “एम ओई! एम ओई!” मी वेग वाढवला. रस्ता आला, आता सवय झाली होती, लय धरून पार केला. पलीकडे पोचून मागे पाहिलं तर मावशी! स्टॉल तसाच सोडून, पायात सपाता, एक हात वर धरलेला, बाइक्सच्या त्या लोंढ्यातून माझ्यामागे येत होत्या. हातात माझी नोट. जवळ येऊन त्यांनी ती माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि बोटाने एकेक शून्य मोजून दाखवलं. पाच शून्यं. पाच लाख! साडेसोळाशे रुपयांहून जास्तीची नोट मी चहाला देऊन वर टिपचा तोरा मिरवत होते.

मी दुसरी नोट शोधायला लागले तर त्यांनी स्वतःच माझ्या पाकिटातून पाच हजारांची एक नोट उचलली, मला दाखवली, पाकीट बंद केलं आणि ते माझ्या बॅगेत खाली ढकललं. बॅगेचा पट्टा रस्त्याच्या बाजूच्या खांद्यावर होता तो ओढून भिंतीच्या बाजूला केला. हे सगळं बोलत बोलत, आणि मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. पण सूर ओळखीचा होता. सदाशिव पेठेत हा सूर मी रोज ऐकते.

नंतर हॉटेलच्या रिसेप्शनवर विचारलं, ‘एम ओई’ म्हणजे काय? मुलगी म्हणाली, एम म्हणजे धाकटं भावंड, ओई म्हणजे अगं, अहो. त्यांच्याकडे ‘तू’-‘तुम्ही’च्या जागी नातीच वापरतात म्हणे. थोरली बहीण, काका, आजी… वय बघून नातं लावायचं. मी त्या बाईंना मनात मावशी म्हणत होते आणि त्या मला मोठ्याने धाकटी बहीण म्हणत होत्या. आणि मी पळत होते!

तळं, कासव आणि पूल

संध्याकाळपर्यंत काय पाहिलं? फार काही नाही. पहिल्या दिवशी पाहूही नये. हो ची मिन्ह यांची समाधी फक्त सकाळी उघडी असते आणि सोमवारी, शुक्रवारी बंद. म्हणजे माझा ‘शुक्रवार सकाळ’चा एक्सेल प्लॅन आधीच फसलेला. 1070 साली बांधलेलं साहित्याचं मंदिर, जिथे दगडी कासवांच्या पाठीवर जुन्या काळच्या डॉक्टरेटवाल्यांची नावं कोरलेले 82 शिलालेख आहेत, ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवलं. तळ्याला मात्र एक चक्कर मारली. पंधराव्या शतकात ले लोइ राजाने मिंग सैन्याला हरवलं आणि ज्या तलवारीने हरवलं ती तळ्यातल्या कासवाने परत मागून घेतली, अशी कथा आहे. होआन किएम म्हणजेच ‘परत केलेली तलवार’. या तळ्यात खरोखरच एक अवाढव्य कासव होतं. जानेवारी 2016 मध्ये ते गेलं तेव्हा शहर हळहळलं होतं.

सूर्य कलायला लागला तशी मी लाँग बिएन पुलाकडे चालत गेले. हा पूल का, ते सांगते. बाबा रेल्वेतून रिटायर झाले. आणि हा पूल फ्रेंचांनी 1899 ते 1902 या काळात बांधलेला रेल्वेचा पूल. मधे रूळ, दोन्ही बाजूंना बाइक्स आणि पायी चालणारे. 1967 पासून अमेरिकी बॉम्बनी त्याचे तुकडे पाडले, लोकांनी पुन्हा पुन्हा जोडला, त्यामुळे काही ठिकाणी जुन्या डौलदार कमानी आहेत आणि काही ठिकाणी नुसते सपाट गर्डर. अख्ख्या देशात वाहतूक उजवीकडून, या एका पुलावर डावीकडून, आपल्यासारखी! दिवसभरात पहिल्यांदा माझी मान बरोबर दिशेला वळली. खाली लाल नदी, नदीतल्या बेटावर केळी आणि मका.

सव्वापाच झाले होते. मिरजेत पावणेचार. बाबा चहाची वाट बघत बसलेले असणार. मी व्हिडिओ कॉल लावला.

“हं, पोचलात ना नीट? बाकीच्या कुठायत?”

“बाबा, बाकीच्या नाहीत. मी एकटीच आलेय. त्यांचं दहा दिवसांपूर्वीच कॅन्सल झालं. मी सांगितलं नाही.”

बाबा गप्प. स्क्रीन अडकलाय की बाबा, तेही कळेना. मागे आईचा आवाज आला, “काय झालं?” बाबांनी हातानेच तिला थांबवलं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात पूल थरथरायला लागला. गाडी आली. डबे माझ्या अंगावरून जावेत इतक्या जवळून, हळूहळू, खडखडत. मी काही न बोलता फोन तिकडे वळवला. अख्खी गाडी जाईपर्यंत तसाच धरून ठेवला.

“मीटर गेज आहे,” बाबा म्हणाले.

“काय?”

“मीटर गेज. आमच्या लोंढा लाइनला होती तशी. अजून चालवतात?” मग पुन्हा थोडं गप्प. “सांगायला हवं होतंस.”

“हो.”

“पैसे सगळे एकाच ठिकाणी नाही ना ठेवलेस?”

मी नोटेची गोष्ट सांगितली. मावशी, शून्यं, सपाता, सगळं. आई पलीकडून हसली, बाबा नाही हसले. म्हणाले, “उद्या जाऊन त्या बाईंचा चहा पी परत.” आणि मग, “पुलाला पाटी असेल बघ, कुणी बांधला ती. जुन्या पुलांना असते. फोटो पाठव.”

काळोख पडायच्या आत मी पुलाच्या टोकाशी गेले. होती. लोखंडाची, गंजलेली: 1899-1902, खाली पॅरिसच्या देदे अँड पिले कंपनीचं नाव. फोटो काढला, पाठवला. दोन निळ्या टिका लगेच आल्या. पाठोपाठ मेसेज, “जवळून काढ. रिव्हेट दिसत नाहीत.”